मिठातले सायनाइड, ज्वारीतले सायनाइड

धुळ्याच्या देवपूर भागातल्या किराणा दुकानात शुद्ध केलेल्या बारीक मिठाची पुडी घेऊन मागची बाजू वाचली, तर आयोडीनच्या मजकुराशेजारी बऱ्याचदा एक ओळ सापडते : अँटिकेकिंग एजंट, आणि पुढे कंसात ५३६ हा आकडा. हा आकडा पोटॅशियम फेरोसायनाइडचा. ५३५ असेल तर सोडियम फेरोसायनाइड. दमट हवेत मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून ते चिमूटभर मिसळतात. एरवी ही ओळ कोणी वाचत नाही. मग अधूनमधून मोबाइलवर कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवतो, ‘मिठात सायनाइड’ हे दोन शब्द गटागटातून फिरतात आणि सैंधवाची चौकशी सुरू होते. जुलै २०१९ मध्ये हा विषय वर्तमानपत्रांपर्यंत गेला. एका कार्यकर्त्याने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचा अहवाल पुढे करून नामांकित मिठांत किलोमागे १.८५ ते ४.७१ मिलिग्रॅम पोटॅशियम फेरोसायनाइड सापडल्याचे जाहीर केले आणि हे प्रमाण भयंकर असल्याचा आरोप केला. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घातलेली मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे आरोपातलाच आकडा मर्यादेच्या निम्म्याहून कमी होता. उत्पादकांनी तेवढेच सांगितले. वाद थांबला, पण मिटला नाही. कारण ज्याला ‘सायनाइड’ या शब्दानेच धडकी भरली आहे, त्याला ‘मर्यादेत आहे’ याचा अर्थ ‘विष घातले आहे, पण थोडे’ असाच लागतो. आणि विषाच्या बाबतीत थोडे-फार कोण मोजत बसतो?

माझे म्हणणे असे की या वादात दोन्ही बाजूंनी चुकीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. किती आहे, हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा की फेरोसायनाइडमध्ये जे आहे ते सायनाइडसारखे वागते का? पदार्थात कोणते अणू आहेत यावरून त्याचा धोका ठरत नाही. ते अणू कोणाला धरून बसले आहेत आणि ती पकड शरीरात सुटते की नाही, यावर ठरतो. हे तत्त्व पाठ्यपुस्तकातले वाटेल. पण खानदेशात ज्वारी पेरणाऱ्या आणि गुरे राखणाऱ्या माणसाला ते व्यवहारात पक्के ठाऊक आहे. त्याने ते मिठाला लावलेले नाही, एवढेच.

सायनाइड मारते कसे, हे आधी पाहू. कार्बन आणि नायट्रोजन यांची ही जोडगोळी, आणि तिला लोखंडाची विलक्षण ओढ आहे. आपल्या प्रत्येक पेशीत श्वासातला प्राणवायू वापरणारे एक प्रथिन असते, सायटोक्रोम ऑक्सिडेज. त्याच्या गाभ्यात लोखंडाचा अणू असतो. मोकळे सायनाइड पोटातून रक्तात आणि रक्तातून पेशीत गेले की त्या लोखंडाला चिकटते आणि प्रथिनाचे काम बंद पाडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. सायनाइड बाधलेल्या जनावराचे रक्त म्हणूनच लालभडक दिसते. थोडक्यात, सायनाइड घातक आहे ते लोखंडाला धरते म्हणून. आता फेरोसायनाइडकडे पाहा. एका लोखंडाच्या अणूभोवती सहा सायनाइड गट : वर एक, खाली एक, चार बाजूंना चार. लोखंडाला हात धरायला सहाच जागा असतात आणि त्या सहाही भरलेल्या. जी ओढ पेशीत गेल्यावर जीव घेते, ती इथे बाटलीत असतानाच भागलेली आहे. सायनाइड पोटात गेल्यावर फेरस सल्फेट आणि अल्कली पाजण्याचा जुना उतारा होता. त्यामागचा तर्क हाच की पेशीतल्या लोखंडापर्यंत पोचण्याआधी विषाला दुसरे लोखंड द्यावे आणि पोटातच त्याचे फेरोसायनाइड होऊ द्यावे. आज ज्या पदार्थाच्या नावाने घाबरायचे, तोच पदार्थ तयार व्हावा म्हणून एकेकाळी वैद्यकाची धडपड होती.

इथे एक नेहमीचा दाखला हमखास दिला जातो : सोडियम पाण्यात पेटते, क्लोरीन विषारी वायू, आणि दोन्ही मिळून रोजचे मीठ. मला तो पुरेसा वाटत नाही. मीठ पाण्यात विरघळले की सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात आणि सुटे होऊनही निरुपद्रवी राहतात. सायनाइडचे तसे नाही. ते सुटे झाले तर विषच. म्हणून फेरोसायनाइडच्या बाबतीत सगळा भार ‘सुटत नाही’ यावर आहे, आणि हा मुद्दा नुसता गृहीत न धरता तपासला पाहिजे. तपासायला ज्वारीसारखे चांगले उदाहरण नाही.

धुळे-जळगावच्या शेतकऱ्याला पोंगे बाधणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पाऊस ओढ देतो, खरिपाची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकू लागते, किंवा कापणीनंतर बुडख्यांना कोवळे फुटवे येतात, आणि दावे तोडून गाय त्या वावरात शिरते. थोड्याच वेळात ती धापा टाकते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, ती आडवी पडते. वेळेवर जनावरांचा डॉक्टर आला आणि शिरेतून सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट दिले तर वाचते. नाही तर तासाभरात संपते. हे सायनाइडच आहे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे संयुग असते; डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ते वेगळे काढून दाखवले. धुरिनमध्येही सायनाइड मोकळे नसते, साखरेच्या रेणूला जोडलेले असते. पण ही जोडणी कच्ची. पानाच्या पेशीत धुरिन एका कप्प्यात आणि ते तोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पान चावले, चुरडले की दोन्ही एकत्र येतात आणि काही मिनिटांत हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू उरलेसुरले काम करतात. कोवळ्या ज्वारीच्या सुक्या वजनात किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर हायड्रोजन सायनाइड निघत असेल तर ती चारणे धोक्याचे मानतात. तीनशे किलोच्या गाईला साधारण सहाशे मिलिग्रॅम पुरे होते. एवढे ताज्या पोंग्यांच्या लहानशा भाऱ्यातून सहज मिळते.

पण तीच ज्वारी फुलोऱ्यात आली की चारा म्हणून चालते. तीच कापून नीट वाळवली की कडबा होतो, आणि दादर ज्वारीचा कडबा तर खानदेशात जपून ठेवण्याचा माल. कारण वाळताना सुटलेले सायनाइड उडून जाते. त्याच ताटाच्या कणसातल्या दाण्यांची भाकरी आपण रोज खातो. ‘ज्वारीत सायनाइड असते’ हे वाक्य खरे आहे, पण ते ऐकून कोणी ज्वारी सोडत नाही. कोणत्या वयाची, ओली की वाळलेली, पाला की दाणा, एवढे विचारून शेतकरी निर्णय घेतो. हाच विचार जवसाच्या चटणीला आणि उपवासाच्या साबुदाण्याला लागू आहे. जवसात आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्या कसाव्यात सायनाइड सोडणारी संयुगे असतात. कसाव्यातली बहुतेक धुण्या-भाजण्यात जातात. मिठातल्या फेरोसायनाइडला भिऊन सैंधव घातलेली साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याने हा विरोधाभास एकदा लक्षात घ्यावा. अर्थात मी साबुदाण्यालाही भ्या म्हणत नाही.

नावाचा घोळ कुठून आला तेही सांगितले पाहिजे, कारण इथे इतिहास आपल्या समजुतीच्या उलटा आहे. सायनाइड आधी सापडले आणि मग त्याचे फेरोसायनाइड केले, असे नावावरून वाटते. घडले उलट. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा तांबडा रंग करायला बसला होता. त्याने वापरलेला पोटॅश जनावरांच्या रक्ताच्या संपर्काने बिघडलेला होता, आणि तांबड्याऐवजी गडद निळा रंग तयार झाला. हाच प्रशियन ब्लू. पुढे अनेक दशके लोक तो रंग हाताळत होते, कापडावर आणि चित्रांत वापरत होते. १७८२ मध्ये स्वीडनच्या शेले याने त्याच्यावर आम्लाची क्रिया करून एक विषारी द्रव्य वेगळे काढले. निळ्यापासून निघाले म्हणून युरोपात त्याला प्रशियन आम्लाचे नाव मिळाले, आणि १८१५ मध्ये गे-ल्युसॅकने त्यातल्या मूळ गटाला ग्रीकमधल्या गडद निळ्याच्या शब्दावरून नाव दिले. विषाला नाव मिळाले ते रंगामुळे. ‘फेरो’ म्हणजे त्यात लोखंड दोन धन विद्युतभाराचे, ‘फेरी’ म्हणजे तीन धनभाराचे; एवढाच त्या उपसर्गांचा अर्थ, पण पुढे दिसेल की हा फरक क्षुल्लक नाही. देवपूरच्या विज्ञान महाविद्यालयांतून बी.एस्सी. झालेल्या कोणीही पोटॅशियम फेरोसायनाइडचे फिकट पिवळे स्फटिक हाताळलेले असतात. फेरिक क्षाराच्या द्रावणात त्याचे दोन थेंब टाकले की निळा अवक्षेप, तांब्याच्या क्षारात टाकले की चॉकलेटी तपकिरी. क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात हे ठरलेले. मोकळे सायनाइड असे विद्यार्थ्यांच्या टेबलावर कोणी ठेवू देणार नाही.

आता हिशेब. कायद्याने परवानगी असलेले कमाल प्रमाण धरू, म्हणजे किलोमागे पूर्ण १० मिलिग्रॅम. माणूस दिवसाला १० ग्रॅम मीठ खातो असे धरू. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते, आपण त्याच्या दुप्पट धरतो आहोत. त्यातून ०.१ मिलिग्रॅम फेरोसायनाइड पोटात जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये उंदरांवरच्या दीर्घ प्रयोगांतून, मूत्रपिंडावर होणारा परिणाम पाहून आणि सुरक्षिततेसाठी मोठे अंतर सोडून, आयुष्यभर रोज घेतले तरी चालेल असे प्रमाण ठरवले : शरीराच्या किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसासाठी ते १.८ मिलिग्रॅम होते. आपण त्याच्या अठराव्या हिश्श्यावर आहोत. तरी समजा, कोणी म्हणाले की ही सगळी पकड-बिकड मला मान्य नाही, पोटात गेल्यावर सगळे सुटते असेच धरा. धरू. फेरोसायनाइडच्या वजनात सायनाइड साधारण ७४ टक्के, म्हणजे ०.१ मिलिग्रॅममधून फार तर ०.०७४ मिलिग्रॅम सायनाइड सुटेल. साठ किलोच्या माणसाला मारक ठरणारे प्रमाण कमीत कमी धरले तरी ३० मिलिग्रॅम. तेवढे जमवायला एका बैठकीत चार किलो मीठ खावे लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी मिठानेच माणूस जाईल. शिवाय थोड्याशा सायनाइडला गंधक जोडून ते निकामी करण्याची सोय यकृतात आहेच.

या हिशेबावर सर्वांत गंभीर आक्षेप रसायनशास्त्राच्याच बाजूने येतो, आणि तो टाळणे बरोबर नाही. फेरोसायनाइड अभेद्य आहे असे नाही. तीव्र आम्लात उकळले तर त्यातून हायड्रोजन सायनाइड निघते. शेलेने केले ते जवळपास असेच. पोटात आम्ल आहेच, मग? फरक तापमानाचा, आम्लाच्या तीव्रतेचा आणि वेळेचा. अंगाच्या उष्णतेला, जठरातल्या आम्लात ही क्रिया अतिशय मंद चालते, आणि पोटातून आतड्यात आणि तिथून बाहेर हा प्रवास तेवढा वेळ थांबत नाही. फेरोसायनाइड आतड्यातून शोषलेही फार कमी जाते. १९३० च्या दशकात तर संशोधकांनी सोडियम फेरोसायनाइड थेट कुत्र्यांच्या रक्तात सोडले, मूत्रपिंड रक्त किती गाळते ते मोजण्यासाठी. ते जसेच्या तसे लघवीत उतरत होते म्हणूनच मोजमापाला उपयोगी होते. हा पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण त्यात जठर, आतडे, आम्ल सगळे ओलांडून पदार्थ सरळ रक्तात गेला आहे आणि तरीही सुटलेला नाही. फेरीसायनाइडचे मात्र इतके सोपे नाही. कागदावरचा स्थिरांक पाहिला तर त्याची पकड फेरोसायनाइडहूनही घट्ट. पण त्यातले सायनाइड गट लवकर अदलाबदल करतात, म्हणून प्रत्यक्षात ते जास्त घातक. पकड किती घट्ट आणि ती किती वेगाने सैल होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठासाठी फेरोसायनाइडलाच परवानगी आहे, फेरीसायनाइडला नाही.

दुसरा आक्षेप खानदेशात तरी विचारलाच पाहिजे : ऊन. फेरोसायनाइडच्या द्रावणावर अतिनील किरण पडले तर त्यातून सायनाइड सुटते, हे प्रयोगाने सिद्ध आहे. परदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यातल्या फेरोसायनाइडचे ओढ्या-नाल्यांत काय होते याची काळजी पर्यावरणवाले याच कारणाने करतात. माशांना अगदी थोडे सायनाइड पुरते. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गच्च्यांवर पापड, कुरडया, बिबड्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळत पडलेल्या असतात. तर मग हिशेब करू. किलोभर उडदाच्या पिठात ७० ग्रॅम मीठ धरले तर त्यात जास्तीत जास्त ०.७ मिलिग्रॅम फेरोसायनाइड. ते सगळेच्या सगळे उन्हाने फुटले, आणि सुटलेले सायनाइड वाऱ्यावर न जाता पापडातच राहिले असे मानले, तरी किलोभर पापडांत अर्धा मिलिग्रॅम. शंभर पापड झाले तर एका पापडामागे ०.००५ मिलिग्रॅम. तळणीचे आणि निखाऱ्याचे तेच : पोटॅशियम फेरोसायनाइड फुटायला ४०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, तळणीचे तापलेले तेल २०० अंशांच्या आतबाहेर असते, निखाऱ्यावर पापडाची कड त्याहून तापते हे खरे, पण फुटण्यासारखे मुळात तिथे आहेच केवढे.

आणि एक आक्षेप असतो की हे सगळे हिशेब एका दिवसाचे. रोज साचत गेले तर? शिसे किंवा पारा साचतो, ते शरीरातून सहज जात नाहीत. फेरोसायनाइड साचत नाही, निघून जाते. प्रमाणाच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण वैद्यकात आहे. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातले किरणोत्सर्गी सीझियम भंगारात गेले, लोकांनी ते कुतूहलाने हाताळले, काहींच्या पोटातही गेले. उपचार म्हणून ४६ जणांना जे औषध दिले ते प्रशियन ब्लू. आजही सीझियम आणि थॅलियमच्या विषबाधेत ते देतात. प्रौढाचा नेहमीचा डोस तीन ग्रॅम, दिवसातून तीन वेळा. या नऊ ग्रॅमांत साधारण निम्मे वजन सायनाइड गटांचे असते. वाटेल ते खा असे यावरून निघत नाही. प्रशियन ब्लू पाण्यात विरघळत नाही, मिठातले फेरोसायनाइड विरघळते, हा फरक आहे. पण नाव पाहून विष ठरवणाऱ्याला या नऊ ग्रॅमांचा खुलासा करता येणार नाही. पकड पाहून ठरवणाऱ्याला येतो. त्याच पकडीची दुसरी बाजूही त्याला दिसेल : फेरोसायनाइडमधल्या लोखंडाचा रक्ताला काहीही उपयोग नाही. आयोडीनबरोबर लोह पुरवणारे मीठ करायचे झाले तर फेरस फ्युमरेटसारखे, लोखंड सहज सोडणारे संयुग घालावे लागते. जे सायनाइड सोडत नाही ते लोखंडही सोडत नाही.

इथवर भीती घालणाऱ्यांचे खंडन झाले. आता मिठाची बाजू घेणाऱ्यांकडे वळू, कारण त्यांचे वर्तनही निर्मळ नाही. पदार्थ सुरक्षित आहे यावरून तो आवश्यक आहे, हे सिद्ध होत नाही. फेरोसायनाइडचे काम असे : मिठाचे घनाकार कण एकमेकांना टेकतात तिथे दमट हवेत पृष्ठभाग ओला होतो आणि पुन्हा सुकताना दोन कणांमध्ये मिठाचाच पूल तयार होतो, असे हजारो पूल म्हणजे गोळा. फेरोसायनाइडचा आयन मिठाच्या पृष्ठभागावरच्या जाळीत नेमका बसतो आणि तिथे स्फटिकाची वाढ रोखतो, म्हणून दहा लाखांत पाच-दहा भाग एवढेही पुरते. युक्ती सुंदर आहे. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय मीठ पाणी ओढत नाही. कोकणात ती वर्षातला मोठा काळ वर असते; धुळ्यात पावसाळा सोडला तर बहुतेक दिवशी बरीच खाली. धुळ्यात पांझरा नदीच्या काठावरच्या माणसाला फेरोसायनाइड मिळते ते त्याच्या हवेची गरज म्हणून नाही. एकच पुडी मुंबईपासून नागपूरपर्यंत विकायची असते, आणि डबीतून मीठ भुरभुरत पडले पाहिजे अशी सवय जाहिरातींनी लावली आहे. ज्याला हे नको आहे त्याची मागणी रास्त आहे. फक्त तिचे कारण ‘विष’ नसावे, ‘मला गरज नाही’ एवढे पुरे. भेसळीची तक्रारही वेगळी ठेवावी : अन्नाला न चालणाऱ्या दर्जाचे मीठ पुडीत भरले असेल तर तो गुन्हा, त्यात फेरोसायनाइड असो वा नसो.

दुसरी तक्रार त्या आकड्याची. आपल्या नियमांनुसार मिसळलेल्या द्रव्याचे नाव किंवा त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दोन्हींपैकी एक लिहिले तरी चालते. आणि सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की पुरे, मराठी ऐच्छिक. उत्पादक साहजिकच क्रमांक निवडतो, कारण ‘सायनाइड’ लिहिलेले मीठ कोण उचलेल? मला वाटते भीतीला खतपाणी या चतुराईनेच मिळाले. आकड्यामागे काय आहे हे जेव्हा कोणीतरी तिसराच उघड करतो, तेव्हा लपवाछपवीचा संशय पदार्थाला चिकटतो आणि त्यानंतरचे प्रत्येक स्पष्टीकरण सारवासारव वाटते. विक्रेते म्हणतील की पूर्ण नाव लिहिले तर अडाणी ग्राहक घाबरेल. ज्वारीचे पोंगे आणि ज्वारीचा दाणा यांतला फरक ज्याला समजतो त्याला अडाणी म्हणण्यात काही अर्थ नाही. पुडीवर मराठीत लिहावे : मीठ गोळा होऊ नये म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड, किलोमागे इतके मिलिग्रॅम, परवानगी दहापर्यंत. पहिली दोन वर्षे प्रश्न येतील. शाळा-महाविद्यालयांतले रसायनशास्त्राचे शिक्षक ते सोडवू शकतील. प्रात्यक्षिकाला लागणारी बाटली त्यांच्या कपाटात आहेच.

भीतीची किंमत मात्र आजही मोजली जाते आहे, आणि ती आयोडीनमध्ये. फेरोसायनाइड टाळायचे म्हणून लोक ज्या गुलाबी किंवा पांढऱ्या सैंधवाकडे वळतात, त्यात बहुतेक वेळा आयोडीन मिसळलेले नसते. समुद्रापासून दूरच्या मुलखात आयोडीनचा मुख्य आधार मीठच. गर्भवती बाईच्या आहारात ते कमी पडले तर पोटातल्या मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तो पुढे भरून निघत नाही. ग्राहकाच्या हातात पोचताना मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा आपला नियम आहे. म्हणून बिनफेरोसायनाइडचे हवे असेल त्याने आधी पुडीवरचा हा आकडा शोधावा, मग ५३५-५३६ नाही ना ते पाहावे. असे आयोडीनयुक्त खडे मीठ बाजारात मिळते. पावसाळ्यात त्याचा गोळा होईल. झाकण घट्ट असलेल्या बरणीत ठेवले तर तेवढाही होणार नाही.